गुणांचा घोटाळा

उन्हाळा संपत आला कीं परीक्षांचे निकाल लागतात आणि आमच्या सुशिक्षित घरांतून एकच प्रश्न दारोदार फिरूं लागतो : "गुण किती मिळाले ?" प्रश्नांत वावगें कांहींच नाहीं. परंतु मराठी भाषेनें 'गुण' ह्या एकाच शब्दांत दोन अर्थ कोंबून ठेविले आहेत. उत्तरपत्रिकेवरचा आंकडा तोहि गुण, आणि माणसाच्या अंगचा चांगुलपणा तोहि गुणच. हा घोटाळा शब्दकोशापुरता राहिला असता तर आमची कांहींच तक्रार नव्हती. पण तो कोशांतून निघून आमच्या डोक्यांत शिरला आहे. ज्याला गुण कमी तो अवगुणी, आणि ज्याला गुण भरपूर तो सद्गुणी, असा सरळ हिशेब आम्ही मांडतों आणि त्या हिशेबावर पोटच्या मुलांचे निवाडे करतों. ह्या हिशेबाविरुद्ध आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ते कठोर वाटले तर वाचकांनीं आमच्यावर अवश्य रागवावें. मात्र रागवून झाल्यावर विचार करावा.

गेल्या वर्षीं एका स्नेह्यांकडे आम्ही बसलों होतों. त्यांचा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. एकदां ऐकलेली गोष्ट तो तशीच्या तशी सांगतो, आणि बुद्धिबळाच्या पटावर आजोबांना बेजार करतो. वडिलांनीं कौतुकानें मराठीचें पुस्तक त्याच्या हातीं दिलें. त्यासरशीं त्याचा चेहरा उतरला. 'घर' आणि 'धर' ह्यांत तो अडखळला, जोडाक्षरापाशीं थांबला, मग शेजारच्या चित्राकडे पाहून अदमासानें कांहींतरी बोलून मोकळा झाला. वडील म्हणाले, "पाहिलेंत ? सगळें येतें, पण मुद्दाम करीत नाहीं. आळशी, हट्टी आणि वर नाटकी. स्वभावच तसला, आणि स्वभावाला औषध नाहीं." मुलगा समोरच उभा होता. आई आंतून म्हणाली, "अहो, त्याच्यासमोर तरी नको." पण बोलायचें तें बोलून झालें होतें.

त्याच घरांत एक मोठी मुलगीहि आहे. शाळेपासून तिचा पहिला नंबर कधीं चुकला नाहीं. गेलीं तीन-चार वर्षें तिची एकहि मैत्री चार महिन्यांवर टिकलेली नाहीं. आज जी देवता ती उद्यां वैरीण. रिकामपणानें जीव गुदमरतो असें ती म्हणते, आणि कोणी दुरावलें कीं स्वतःला इजा करून घेण्याची भाषा करते. आम्हीं हलक्या आवाजांत विषय काढला, तेव्हां तेच वडील हंसून म्हणाले, "छे हो ! हुशार मुलगी आहे. ब्याण्णव टक्के मिळाले यंदा." त्या मुलीस अमुक विकार आहे असें आम्ही म्हणत नाहीं, तें ठरविणें तज्ज्ञाचें काम. परंतु ज्याच्या स्वभावांत कांहींहि वांकडें नाहीं त्या मुलाचा स्वभाव चव्हाट्यावर मांडावा, आणि जिचें मन आंतल्या आंत होरपळतें आहे तिला गुणपत्रिका दाखवून गप्प करावें, हा न्याय कोणत्या शहाणपणाचा ?

मुलाच्या ठिकाणीं जी अडचण दिसते तिला आजचें शास्त्र विशिष्ट अध्ययन-अक्षमता म्हणतें, आणि जिला खरोखर स्वभावाचें दुखणें म्हणतां येईल त्या अवस्थेस व्यक्तिमत्त्व-विकार असें नांव आहे. हीं दोन्हीं नांवें हल्लीं घरोघर ऐकूं येतात, पण दोहोंमधील भेद फारच थोड्यांस ठाऊक असतो. म्हणून प्रथम तो भेद स्पष्ट करूं.

अध्ययन-अक्षमता हें कालपरवांचें फॅड नव्हे. १८७७ सालीं आडोल्फ कुसमाउल ह्या जर्मन वैद्यानें 'शब्दांधत्व' हा शब्द योजिला. दृष्टि शाबूत असून छापील शब्द न ओळखतां येणारे रुग्ण त्यानें पाहिले होते. त्यानंतर दहा वर्षांनीं रुडोल्फ बर्लिन ह्या नेत्रवैद्याच्या पुस्तकानें 'डिस्लेक्सिया' हा शब्द वैद्यकांत आणला. हे सर्व रुग्ण मेंदूस इजा झालेले प्रौढ होते. पण १८९६ च्या नोव्हेंबरांत प्रिंगल मॉर्गन ह्या इंग्रज डॉक्टरानें ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. हा मुलगा चलाख, खेळांत कोणाहून कमी नाहीं, गणितांत हात चालणारा. परंतु वर्षानुवर्षें शिकवूनहि साधे साधे शब्द त्याला वाचतां येत नसत. शिक्षण सगळें तोंडी असतें तर हा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत मॉर्गननें नमूद केलें आहे. सव्वाशें वर्षांपूर्वीं एका शिक्षकास जें दिसलें तें आमच्या पदवीधर पालकांस आज दिसूं नये, ह्याला काय म्हणावें ?

आरंभींच्या वैद्यांस हा दोष दृष्टीशीं निगडित वाटला होता. आज आपणांस ठाऊक आहे कीं, मुख्य अडचण भाषेंतील ध्वनि सुटे करून ते अक्षरांशीं जोडण्यांत असते. डोळा निर्दोष असतो, बुद्धिहि सामान्य किंवा त्याहून सरस असूं शकते, आणि ही प्रवृत्ति पुष्कळदां वंशपरंपरेनें येते. कोणाची वाचनांत अडचण, कोणाची लेखनांत, कोणाची अंकगणितांत. त्यांस अनुक्रमें डिस्लेक्सिया, डिसग्राफिया आणि डिसकॅलक्युलिया म्हणतात. मराठीचा उच्चार लेखनाशीं इंग्रजीपेक्षां पुष्कळच प्रामाणिक आहे हें खरें. तरी अशा मुलास आमची लिपि सोपी जात नाहीं. 'किती' ह्या शब्दांतील पहिली वेलांटी कानाला व्यंजनामागून ऐकूं येते, पण कागदावर ती व्यंजनाच्या आधीं काढावी लागते. एकच 'र' कधीं डोक्यावर रफार होऊन बसतो, तर कधीं पायाशीं तिरकी रेघ होऊन लोंबतो. 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' हीं तर भावंडेंच. आंकड्यांचेंहि तसेंच. 'सत्तावीस' म्हणतांना आधीं सात ऐकूं येतात आणि लिहितांना आधीं दोन. 'एकोणसाठ' ह्या शब्दांत साठ ऐकूं येतात आणि लिहावयाचे असतात पांच आणि नऊ. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक, वीस दोन' अशी सुटसुटीत वाचनपद्धति आली, तेव्हां महाराष्ट्रानें तिची जी टवाळी केली ती पुष्कळांस आठवत असेल. ती पद्धति इष्ट कीं अनिष्ट ह्यावर मतभेद होऊं शकेल. परंतु 'आम्हांला जमलें, मग ह्यांना कां जमूं नये ?' ह्यापलीकडे टवाळखोरांपाशीं मुद्दा नव्हता, आणि ज्यांना जमलें नाहीं तीं मुलें त्या वादांत बोलावयास नव्हतीं.

येथें आणखी एक गल्लत दूर केली पाहिजे. अमेरिकेंत 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे वर सांगितलेली वाचन-लेखन-गणनाची विशिष्ट अडचण. तोच शब्द ब्रिटनमध्यें बुद्धीच्या एकंदर मंदत्वासाठीं वापरतात. आमचे पालक भ्रमणध्वनीवर दोन्ही देशांचें लिखाण एकत्र वाचतात आणि हादरून जातात. आमच्या कायद्यानें मात्र हा घोळ केलेला नाहीं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मानतो आणि त्यांत बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन-अक्षमता व मानसिक आजार ह्यांस तीन स्वतंत्र जागा देतो. १९९५ च्या जुन्या कायद्यांत सातच प्रकार होते आणि अध्ययन-अक्षमतेचें नांवहि नव्हतें. कायदा शहाणा झाला. आमचीं घरें अजून १९९५ च्याहि मागें आहेत.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. व्यक्तिमत्त्व-विकाराचा इतिहास ह्याहून जुना आणि अधिक दुःखाचा आहे. १८३५ सालीं जेम्स प्रिचर्ड ह्या इंग्रज वैद्यानें 'नैतिक वेड' अशा अर्थाची संज्ञा रूढ केली. बुद्धि शाबूत, पण भावना आणि वर्तन बिघडलेलें, असें त्याचें वर्णन. 'नैतिक' हा शब्द त्या काळीं भावनिक अशाहि अर्थानें वापरीत. परंतु लोकांनीं त्यांतला नीतीचा अर्थ तेवढा उचलला आणि रोग्याच्या कपाळीं पाप्याचा शिक्का बसला. १९२३ सालीं कुर्ट श्नायडर ह्या जर्मन मनोवैद्यानें अधिक मोलाची गोष्ट सांगितली : ह्या माणसांच्या वेगळेपणामुळें एक तर तीं स्वतः दुःख भोगतात, नाहीं तर त्यांच्यामुळें समाज भोगतो. ह्यांतला पहिला अर्धा भाग आम्ही नेहमीं विसरतों.

आज व्यक्तिमत्त्व-विकार म्हणजे काय ? स्वतःकडे पाहण्याची, भावना आवरण्याची आणि इतरांशीं नातें राखण्याची रीत दीर्घकाळ, ठिकठिकाणीं आणि ताठरपणें बिघडलेली असणें, आणि त्यापायीं स्वतःस वा इतरांस खरोखरच त्रास होणें. तो पौगंडांत किंवा तारुण्याच्या आरंभीं प्रकट होतो. अमेरिकन मनोवैद्यांच्या २०१३ च्या नियमावलींत त्याचे दहा प्रकार दिले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणानें त्या जुन्या कप्प्यांना बहुतांशीं रजा देऊन सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी प्रत लावण्याची रीत धरली. अमेरिकन नियमावलींत आणखी एक महत्त्वाचें बंधन आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्व हें निदान अठरा वर्षांच्या आंत करावयाचेंच नाहीं, आणि इतर प्रकार अल्पवयीनांत अपवादानेंच, लक्षणें निदान वर्षभर टिकलेलीं असतील तर. म्हणजे ज्या वयाच्या मुलावर निवाडा देण्यास मनोवैद्य कचरतो, त्याच मुलाच्या स्वभावावर आम्ही प्रगतिपुस्तक पाहून पांच मिनिटांत निकाल देतों !

भेद ओळखण्यास एक साधी कसोटी आहे. तिनें निदान होत नाहीं, पण डोळे उघडतात. मुलाच्या हातचें पुस्तक काढून घ्या. अध्ययन-अक्षमता असलेला मुलगा मैदानावर, स्वयंपाकघरांत, मित्रांच्या घोळक्यांत इतरांसारखाच वावरूं लागतो. त्याचें भांडण अक्षराशीं असतें, माणसांशीं नसतें. उलट व्यक्तिमत्त्व-विकारानें गांजलेल्या माणसाच्या हातीं पुस्तक द्या कीं काढून घ्या, त्याचें दुखणें तेथेंच राहतें, कारण तें नात्यांत असतें. असा मनुष्य सुवर्णपदक मिळवूं शकतो. एकाचें दुखणें कौशल्याचें आणि शाळेच्या पहिल्या वर्षांतच दिसूं लागणारें. दुसऱ्याचें दुखणें 'स्व'चें आणि मोठेपणीं पक्कें होणारें. एकावर उपाय शिक्षकाचा, दुसऱ्यावर मानसोपचारकाचा. दोन्हीं एकाच माणसांत असूं शकत नाहींत असें नाहीं. परंतु एकाच्या नांवानें दुसऱ्यास हांक मारणें म्हणजे दांत दुखणाऱ्याच्या पायाला पट्टी बांधणें होय.

ह्या चुकीची किंमत कोण देतो ? तो नऊ वर्षांचा मुलगा देतो. चुकीच्या नांवाबरोबर चुकीचा उपचार येतो. आळशी म्हटलें कीं शिक्षा आली, हट्टी म्हटलें कीं अबोला आला, नाटकी म्हटलें कीं त्याच्या रडण्यावरचाहि विश्वास गेला. मुलगा काय करणार ? वही हरवल्याचें खोटें सांगेल, वाचनाच्या तासाला त्याचें पोट दुखेल, वर्गांत विदूषक होऊन हंशा मिळवील. कारण ढ म्हणवून घेण्यापेक्षां खोडकर म्हणवून घेणें मानाचें असतें. मग आम्ही विजयी मुद्रेनें म्हणणार, "पाहा, आम्ही सांगत नव्हतों, स्वभावच तसला !" ज्या विहिरींत आपण ढकललें तिच्यांत बुडाल्याबद्दल मुलालाच दोष देणारा हा तर्क आहे.

आतां आक्षेपांचा समाचार घेऊं. पहिला आक्षेप घरांतल्या वडिलधाऱ्यांचा : "आमच्या वेळीं हीं थेरें नव्हतीं." आमचें नम्र उत्तर असें कीं, आपल्या वेळीं अशीं मुलें होतीं, आपल्या वर्गांत चौथीनंतर तीं दिसेनाशीं झालीं, इतकेंच. कोणी दुकानावर बसला, कोणी शेतावर गेला, आणि त्यांच्या रिकाम्या बांकाविषयीं कोणीं विचारलें नाहीं. ज्याची मोजदाद झाली नाहीं तें अस्तित्वांतच नव्हतें, असें मानणें सोयीचें असलें तरी खरें नव्हे.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा : "ही सवलती लाटण्याची युक्ति आहे." शालान्त परीक्षेसाठीं अशा विद्यार्थ्यांस वाढीव वेळ, लेखनिक इत्यादि सवलती महाराष्ट्र शासनानें १९९६ सालींच दिल्या. त्यांचा दुरुपयोग कोणी करीत असेल तर त्यास अवश्य पकडावें. पण खोट्या नाण्याच्या भयानें खरें नाणें कोणी फेंकून देत नाहीं. चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्या मुलास आपण लबाड म्हणत नाहीं; मग वाढीव वेळ घेणाऱ्यास कां म्हणावें ? त्या वेळांत त्यास कोणी उत्तरें सांगत नसतें. जें त्याला येतें तें कागदावर उतरविण्याची संधि तेवढी मिळते.

तिसरा आक्षेप नीतिमंतांचा आणि विचार करण्याजोगा : "प्रत्येक गोष्टीस आजार म्हटलें तर जबाबदारी कोणाची ?" ह्यांत तथ्याचा अंश आहे, म्हणून त्याचें उत्तर सरळ देतों. नांव मिळाल्यानें कष्ट सुटत नाहींत. वाचन-अक्षमता असलेल्या मुलास ध्वनि आणि अक्षर ह्यांची सांगड पायरीपायरीनें, पुन्हां पुन्हां, हातानें गिरवून व मोठ्यानें बोलून शिकावी लागते. इतरांहून अधिक मेहनत करावी लागते. जबाबदारी नाहींशी होत नाहीं, ती योग्य जागीं जाते. मुलाची जबाबदारी प्रयत्न करण्याची. आमची जबाबदारी प्रयत्न फळास येईल अशा रीतीनें शिकविण्याची. आजवर आम्ही दोन्हीं ओझीं त्याच्याच पाठीवर लादून मोकळे झालों होतों.

येथवर ज्यांनीं माना डोलाविल्या, त्या नव्या पिढीच्या वाचकांसहि आम्हांस दोन शब्द ऐकवावयाचे आहेत. जुनी पिढी विकाराला अवगुण म्हणते; तुम्ही अवगुणाला, नव्हे केवळ मतभेदालाहि, विकार म्हणूं लागलां आहांत. सासू बोलली कीं ती 'नार्सिसिस्ट', सून वेगळें घर मागूं लागली कीं ती 'बॉर्डरलाइन', आणि वरिष्ठानें रजा नाकारली तर तो 'सायकोपाथ' ! चित्रफीत तीन मिनिटांची आणि निदान जन्मभराचें. मानसिक आरोग्य-सेवेच्या २०१७ च्या कायद्यानें स्पष्ट सांगितलें आहे कीं, समाजांत रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक वा सांस्कृतिक मूल्यांशीं कोणाचें जुळत नाहीं एवढ्यावरून त्याला मानसिक आजार आहे असें ठरवितां येणार नाहीं. जें न्यायाधीशास आणि डॉक्टरास करतां येत नाहीं तें दिवाणखान्यांतल्या कोचावर बसून करूं नये. शिवी द्यावयाची असेल तर मराठींत शिव्यांचा तुटवडा नाहीं. दुखणाईताचें नांव त्यासाठीं उसनें कशाला?

आणि तें दुखणें असलें तरी तें मरणाचें अथवा कायमच्या बहिष्काराचें कारण नव्हे. 'स्वभावाला औषध नाहीं' ही म्हण आमच्या स्नेह्यांनीं मुलाच्या बाबतींत चुकीची वापरली, कारण त्याचें दुखणें स्वभावाचें नव्हतेंच. परंतु जेथें दुखणें खरोखर स्वभावाचें असतें तेथेंहि ती खोटीच ठरली आहे. मार्शा लिनेहन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनीं, स्वतःला वारंवार इजा करून घेणाऱ्या स्त्रियांसाठीं एक उपचारपद्धति बसविली आणि तिचा गुण येतो हें १९९१ सालीं प्रयोगानें दाखविलें. वादळी भावना कशी सोसावी, भांडण न करतां मागणें कसें मागावें, क्षण कसा निभावून न्यावा, हें तींत पद्धतशीर शिकवितात. पुढें २०११ सालीं त्यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, सतराव्या वर्षीं आपणहि अशाच यातनांपायीं मनोरुग्णालयांत होतों. जिला एके काळीं कोठडींत ठेविलें तीच शेंकडोंची वैद्य झाली. औषध आहे. तें बाटलींत मिळत नाहीं, वेळ घेतें, आणि तें मागण्यापूर्वीं घरानें दुखणें कबूल करावें लागतें.

म्हणून आमचें मागणें फार नाहीं. मूल वाचनांत वा हिशेबांत मागें पडतें आहे असें दिसलें तर दुसरी-तिसरींतच त्याचे डोळे, कान आणि मग अध्ययनाची तपासणी करून घ्यावी. आठवीपर्यंत छडीची वाट पाहूं नये. शाळेनें प्रगतिपुस्तकांतील शेऱ्याच्या जागीं 'आळशी', 'निष्काळजी' असें लिहिण्यापूर्वीं मुलाला नेमकें काय येत नाहीं तें लिहावें. आणि ज्या घरांत गुणपत्रिका उत्तम आहे त्या घरानेंहि कधींतरी विचारावें, कीं बाळ, तुला मित्र आहेत का, तुला झोंप येते का, तुला कशाची भीति वाटते का. ह्या प्रश्नांना गुण नसतात, म्हणून ते आमच्याकडे कोणी विचारीत नाहीं.

त्या दिवशीं निघतांना आम्हीं त्या मुलाशीं बुद्धिबळाचा एक डाव मांडला आणि सपशेल हरलों. वडील अभिमानानें म्हणाले, "डोकें आहे हो त्याला !" आम्ही म्हणालों, "डोकें आहे हें तुम्हीच सांगतां. मग एकदां तपासून तर पाहा, अडतें कोठें तें. आणि थोरलीशींहि जरा बोला." ते गप्प राहिले. आतां त्या गोष्टीला वर्ष होईल. पुन्हां निकाल लागले आहेत, आणि त्या घरीं जाण्यापूर्वींच हे चार शब्द आम्ही छापून टाकीत आहों. कारण तें घर एकाच गृहस्थांचें नाहीं.